दस्त नोंदला, पण मालकी कोणी तपासली?



या मालिकेत आपण लढायांवर पुष्कळ बोललो. आजची लढाई घराची आहे. जमीन किंवा फ्लॅट घेताना वकील कसा निवडावा, त्याच्याकडून काम कसं करून घ्यावं, असं बेळगावपासून बडोद्यापर्यंतचे अनेक जण मला विचारतात. उत्तर इतिहासात आहे, पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

1998 साली मी मेजर होतो आणि पोस्टिंग जम्मू भागात होतं. महिनाभराच्या सुट्टीत पुण्याजवळ एक बिगरशेती प्लॉट पसंत केला. सातबारावर विकणाऱ्या दोघा भावांची नावं होती. त्यांच्याच वकिलाने मागच्या पंधरा वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला. मी म्हटलं, दुसरा वकील कशाला, खर्च वाढेल. रजा संपायच्या आत खरेदीखत झालं, शिक्के बसले आणि मी निश्चिंत होऊन युनिटमध्ये परतलो.

तीन वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. त्या भावांना एक बहीण होती. वडील 1979 साली वारले, तेव्हा वारसाचा फेरफार करताना फक्त मुलांची नावं लावली गेली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांची वारस होतीच. पंधरा वर्षांचा शोध 1983 वर थांबला, म्हणून 1979 चा फेरफार कोणी उघडूनही पाहिला नाही. सात वर्षं तारखा झाल्या. शेवटी तडजोड केली आणि फंडातून पैसे काढून त्या बाईंचा हिस्सा दिला. भावांकडे तोवर द्यायला काही उरलं नव्हतं. मला राग भावांचा आला, बाईंचा नाही. त्यांचा दावा खरा होता. मी रेकी न करता पुढे सरकलो होतो, दुसरं काय!

आता मागे जाऊ. मराठेशाहीत मिरासी जमीन विकली जायची, तेव्हा व्यवहार गावासमोर व्हायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारचे मिरासदार साक्षीला असायचे. ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी करायचा. पाटलाची निशाणी नांगर, हे जुने कागद पाहिलेल्यांना ठाऊक आहे. वाद झाला तर गोतसभा बसायची आणि निवाड्याचा महजर व्हायचा. पुढे कोणी भाऊबंद उभा राहिला तर त्याचं निवारण आम्ही करू, अशी हमी विकणारा लिहून द्यायचा. ही पद्धत निर्दोष नव्हती. त्या सभेत बायकांना आणि खालच्या मानलेल्या जातींना किती आवाज होता, ते आपण जाणतो. पण एक गोष्ट पक्की होती. जमीन कोणाची, याचं उत्तर माणसं चारचौघांत देत होती.

1818 नंतर कंपनी सरकार आलं आणि भर कागदावर आला. 1830 च्या दशकात इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीचं काम सुरू झालं. तिचा हेतू सारा ठरवण्याचा होता. या नंबराचा सारा कोण भरणार, एवढं सरकारला हवं होतं. आजच्या सातबाऱ्याचं मूळ या महसुली परंपरेत आहे, म्हणूनच सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगतं की फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही. पुढे 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं. पिढ्यानपिढ्या इनाम खाणाऱ्यांना पुरावा मागितला गेला, आणि ज्यांचा पुरावा पटला नाही त्यांची इनामं गेली. कागद जपला पाहिजे, हा धडा आपल्या लोकांनी तेव्हा घेतला.

1864 च्या कायद्याने स्थावर मिळकतीच्या महत्त्वाच्या दस्तांची नोंदणी सक्तीची झाली. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये आणि त्यावरच्या विक्रीला नोंदलेला दस्त आवश्यक केला. सध्याचा नोंदणी कायदा 1908 चा आहे. इथे नीट लक्ष द्या. दुय्यम निबंधक काय पाहतो? दस्त करणारा माणूस तोच आहे का, त्याने सही कबूल केली का, मुद्रांक भरला का. विकणाऱ्याची मालकी खरी आहे का, हे ठरवणं त्याचं काम नाही. तमिळनाडूत मूळ मालकीचे कागद दाखवल्याशिवाय दस्त नोंदू नये असा नियम होता. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण मालकी तपासण्याचा अधिकार कायद्याने निबंधकाला दिलेलाच नाही.

म्हणजे गोतसभा गेली आणि तिच्या जागी सरकार आलं नाही. दस्त नोंदला जातो, मालकीची हमी कोणी देत नाही. ही रिकामी जागा मुंबईत सॉलिसिटरांनी भरली. हायकोर्टात बाजू मांडणारा बॅरिस्टर वेगळा आणि कागद तयार करणारा सॉलिसिटर वेगळा, ही इंग्रजी पद्धत तिथे रुजली. सॉलिसिटरांची बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी 1894 ची. कोर्टातला हा दुहेरी भेद 1970 च्या दशकात कायद्याने संपला, तरी सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आजही होते. इतर शहरांत हेच काम दिवाणी वकील करतात. वर्तमानपत्रात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते’ अशी जाहीर नोटीस तुम्ही पाहता ना? या जमिनीवर कोणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत सांगा, असं त्यात असतं. मला ती गोतसभेची शेवटची खूण वाटते. माझ्या व्यवहारात नोटीसही दिली नव्हती. दिली असती तर कदाचित त्या बाई सहीच्या आधीच समोर आल्या असत्या.

आता कामाचं सांगतो.

पहिलं, वकील तुमचा हवा. विकणाऱ्याचा वकील त्याचं हित पाहतो. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का, ते पाहतो. दोघेही प्रामाणिक असतील, पण तुमच्यासाठी कोणी बसलेलं नसतं.

दुसरं, तो त्या भागातला हवा. महाराष्ट्रात सातबारा आणि फेरफार, कर्नाटकात पहाणी, मध्य प्रदेशात खसरा-खतौनी, हरियाणात जमाबंदी, तमिळनाडूत पट्टा. कागदाचं नाव राज्यागणिक बदलतं आणि खाचाखोचाही बदलतात. जुने कागद मोडीत निघाले तर ते वाचून घेणारा माणूस त्याच्या ओळखीत असावा.

तिसरं, शोध किमान तीस वर्षांचा मागा. हा आकडा हवेतला नाही. गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदत 1963 च्या मुदत कायद्यात तीस वर्षं आहे. त्याआधीच्या कायद्यात ती साठ होती. वारसाचा फेरफार मध्ये लागला तर त्याच्याही मागे जायला सांगा. मृताची बायको, मुली, आधी वारलेल्या मुलाची मुलं, सगळ्यांचा हिशेब लागला पाहिजे.

चौथं, अहवाल लेखी, सहीचा आणि तुमच्या नावाने हवा. कुठल्या कार्यालयात शोध घेतला, कोणत्या वर्षांची पुस्तकं मिळाली नाहीत, हेही त्यात हवं. ‘सगळं क्लिअर आहे साहेब’ हा अहवाल नव्हे. फी आधी ठरवा आणि अहवाल हातात येईपर्यंत मोठा विसार देऊ नका.

पाचवं, साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. साठेखताने फक्त करार होतो, मालकी येत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेणाऱ्यांनी सूरज लॅम्प प्रकरणातला 2011 चा निकाल वकिलाकडून समजून घ्यावा. अशा कागदांनी मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं.

सहावं, वकिलापासून काही लपवू नका. किती रोख मागितली, घरात कोण नाराज आहे, जागेवर कोण राहतं, सगळं सांगा. आणि जागेवर स्वतः जा. शेजाऱ्यांशी बोला. जुन्या काळी साक्षीला शेजारी का बोलवत, ते तिथे गेल्यावर कळतं.

फौजेतल्या माझ्या बंधू-भगिनींना वेगळं सांगतो. आपली रजा मोजक्या दिवसांची असते आणि विकणाऱ्याला ते माहीत असतं. ‘सुट्टी संपायच्या आत उरकून टाका’ हे वाक्य ऐकलं की थांबा. प्लॉट गेला तर दुसरा मिळेल.

तडजोडीच्या दिवशी त्या बाई कोर्टाच्या आवारात भेटल्या. म्हणाल्या, “साहेब, तुमच्याशी माझं भांडण नव्हतं. पण माझं नाव आहे का, हे कोणी विचारलंच नाही.” मला काही उत्तर सुचलं नाही. मंडळी, चांगल्या वकिलाला आपण फी देतो ती हा प्रश्न वेळेवर विचारण्यासाठी. त्याने आपला पैसा वाचतो, आणि कोणाचा तरी हक्क आपल्या हातून बुडत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.