जुना यांत्रिक फिल्म कॅमेरा घेताना

यांत्रिक कॅमेऱ्याचे शटर स्प्रिंग व दातेरी चक्रांवर चालते. त्यास विजेची गरज नसते. 'पेंटॅक्स के-१०००' हे या जातीचे प्रसिद्ध उदाहरण होय. १९७६ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याचे उत्पादन १९९७ पर्यंत चालले. सुरुवातीचे कॅमेरे जपानमध्ये तयार झाले. पुढे हे काम हाँगकाँग व चीनमध्ये गेले आणि प्लास्टिकचे भाग वाढले. आता हा कॅमेरा जुनाच घ्यावा लागतो. म्हणून पारख महत्त्वाची.

प्रथम शटर तपासावे. मागील झाकण उघडून एक सेकंदाची गती लावावी व कळ दाबावी. पडदा मध्येच अडखळत असेल, तर आतील वंगण सुकले आहे असे समजावे. नंतर कॅमेरा उजेडाकडे धरून एक हजारांश सेकंदाच्या गतीने कळ दाबावी. चौकटीची एक बाजू काळी दिसल्यास दोन्ही पडद्यांची गती जुळत नाही. पडदा कापडी असल्याने त्यास सूक्ष्म छिद्रे नाहीत ना, हेही पाहावे.

त्यानंतर भिंग. विजेरीचा झोत भिंगातून आरपार टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी होय. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ती लवकर धरते आणि काचेवरील लेप कायमचा खराब करते. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल नसावे. भिंगावर अॅपर्चरचे कडे आहे याची खात्री करावी. ते नसलेली पुढच्या काळातील भिंगे या कॅमेऱ्यावर बसली तरी त्यांचे अॅपर्चर नियंत्रित करता येत नाही.

मागील झाकणाच्या खाचेतील फोम चिकट झाला असेल, तर प्रकाश आत शिरून फिल्म खराब होते. हा फोम अल्प खर्चात बदलता येतो. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा गंज असल्यास मात्र प्रकाशमापक बंद असण्याची शक्यता असते. हा मापक एलआर-४४ जातीच्या बटन सेलवर चालतो व त्यास बंद करण्याचा खटका नाही. म्हणून काम संपताच भिंगावर झाकण लावावे. अन्यथा सेल उतरतो.

मापक बंद असला तरी छायाचित्रण अडत नाही. स्वच्छ उन्हात अॅपर्चर १६ वर ठेवून फिल्मच्या आयएसओ अंकाच्या जवळची शटरगती घ्यावी. २०० आयएसओच्या फिल्मसाठी ती १/२५० सेकंद होय. विरळ ढग असल्यास अॅपर्चर ११ वर, दाट ढग असल्यास ५.६ वर आणावे.

फिल्म भरताना तिचे टोक गुंडाळणाऱ्या रिळात नीट अडकवावे आणि कडेची छिद्रे दातांवर बसवावीत. झाकण लावून फिल्मचा सैलपणा काढावा. मग फिल्म पुढे सरकवताना डावीकडील मूठ फिरली पाहिजे. ती फिरत नसेल, तर फिल्म सरकत नाही आणि ३६ छायाचित्रे काढूनही हाती काहीच येत नाही. रोल संपल्यावर तरफ जोराने ओढू नये. तळाचे बटण दाबून बाणाच्या दिशेने फिल्म पूर्ण गुंडाळावी. त्यापूर्वी झाकण उघडू नये.

कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. मात्र महिन्यातून एकदा सर्व गतींवर शटर चालवावे.

खरेदीची किंमत ठरवताना दुरुस्तीचा खर्च व फिल्म धुण्याचा खर्च जमेस धरावा. विक्रेत्याने चाचणीसाठी एक रोल काढू दिला, तर प्रत्येक छायाचित्राची शटरगती व अॅपर्चर वहीत टिपून ठेवावे. म्हणजे दोष कोणत्या गतीत आहे, ते धुतलेल्या फिल्मवरून कळते. हा पहिला रोल लग्नमुंजीसारख्या पुन्हा न येणाऱ्या प्रसंगी मात्र वापरू नये. डिजिटल कॅमेऱ्यात चूक तत्काळ दिसते. येथे ती कळते तेव्हा तो प्रसंग उलटून गेलेला असतो.