पाय चार्जिंगला लावले का?

परवा मामाची इलेक्ट्रिक व्हीलचेअर सोसायटीच्या गेटपाशी बंद पडली. मोटरचा लिव्हर सोडवून वॉचमन आणि मी ती ढकलत घरी आणली. मामा गप्प होता. चूक माझीच. "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस" हा सल्ला मीच दिलेला. जुन्या मोबाईलची सवय, दुसरं काय!

मग रविवारी वाचत बसलो.

ही खुर्ची दुसऱ्या महायुद्धाची देणगी. मानेला इजा झालेले सैनिक नव्या औषधांमुळे जगू लागले, पण हातच चालत नसतील तर चाकं फिरवणार कोण? कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले जॉर्ज क्लाईन यांनी त्यांच्यासाठी जॉयस्टिकवर चालणारी खुर्ची बनवली. १९५५ साली तिचा नमुना अमेरिकेला दिला आणि १९५६ पासून एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज कंपनीच्या खुर्च्या बाजारात येऊ लागल्या.

बॅटरी मात्र जुनीच, फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेंनी १८५९ मध्ये बनवलेल्या लेड-ॲसिडच्या घराण्यातली. तिची खोड अशी, की उतरली की प्लेट्सवर सल्फेट धरतं. लगेच चार्ज केली तर ते जातं, तशीच ठेवली तर कडक होऊन बसतं. मग बॅटरी चार्ज धरेनाशी होते. म्हणजे माझा सल्ला बरोब्बर उलटा!

खुर्ची मिळाली म्हणजे झालं असं नाही, हे बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी फार आधी ओळखलं. पोलिओने मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलेले एड रॉबर्ट्स १९६२ साली तिथल्या विद्यापीठात आले. १९७० मध्ये त्यांनी आणि मित्रांनी अपंग विद्यार्थ्यांसाठी जो कार्यक्रम उभा केला, त्यात मदतनीस आणि घरं शोधून देण्याबरोबर व्हीलचेअर दुरुस्तीही होती. १९७२ च्या सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंगनेही ती चालू ठेवली. कॉलेजचं दार उघडलं आणि खुर्ची रस्त्यातच बंद पडली, तर काय उपयोग?

असो. मामाच्या खुर्चीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. दोन्ही एकदमच बदलल्या, कारण नवी-जुनी जोडी लावली की जुनी नवीलाही ओढते. आता रोज रात्री, फिरणं झालेलं असो वा नसो, खुर्ची तिच्याच चार्जरला लावायची आणि हिरवा दिवा लागेपर्यंत काढायची नाही.

रात्री मी लॅपटॉप मिटला की आतून मामाचा आवाज येतो, "अरे, माझे पाय चार्जिंगला लावलेस का?"