डुमस
१२. 'आम्ही समुद्रावर गेलो' एवढेच लेखिका लिहिते. तो समुद्र डुमसचा. सुरतेच्या नैर्ऋत्येला, तापीच्या मुखाच्या दक्षिणेस हा काळ्या वाळूचा किनारा आहे. धुळे-नंदुरबार-जळगावकडून यंत्रमाग आणि साड्यांच्या कामासाठी येऊन सुरतेतल्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात स्थिरावलेल्या कुटुंबांना उधना–जळगाव रेल्वे हीच गावची वाट. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी शक्यतो तिकडे माहेरी जातात, झोके खेळतात. त्याआधी, चैत्रातल्या एखाद्या सुट्टीच्या संध्याकाळी, डुमस: टोमॅटोची गरम भजी, उंटावर बसायचा पोरांचा हट्ट, आईबापांच्या अहिराणी गप्पा. कष्टाच्या वर्षात अशी संध्याकाळ मोठी असते, म्हणून ही टीप. — संपा.