कोठीचे सिंह आणि लंडनची डुकरे

हैदराबादेतील गौलीगुडा या मराठी माणसांच्या जुन्या वस्तीलगत, कोठी येथे, ब्रिटिश रेसिडेन्सी म्हणजे निजामाच्या दरबारी नेमलेल्या इंग्रज वकिलाचे निवासस्थान जेम्स अचिलीस कर्कपॅट्रिक याच्या कारकिर्दीत, 1803 च्या सुमारास, उभे राहू लागले. त्याच्या पायऱ्यांच्या दुतर्फा भव्य सिंह असून दर्शनी त्रिकोणी शिरोभागी ईस्ट इंडिया कंपनीचे मानचिन्ह आहे. पाहणाऱ्याला धाक बसावा, हाच अशा सिंहांचा हेतू. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील हॅना हम्फ्री हिच्या चित्रांच्या दुकानात मात्र त्याच काळात इंग्लंडचे राज्यकर्ते भलत्याच जनावरांच्या रूपात लोकांपुढे येत होते.

तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा उठवून छापलेली आणि बहुधा हाताने रंगवलेली ही सुटी व्यंगचित्रे होती. त्यांतील सर्वांत तिखट हात जेम्स गिलरे याचा. 1807 मध्ये कॅथलिकांना सवलती देण्याच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळ गेले, तेव्हा त्याने राजा तिसरा जॉर्ज याला शेतकरी केले आणि पदच्युत मंत्र्यांची डुकरे करून तो कळप समुद्रात हाकलला. बायबलातील भूतबाधा झालेल्या डुकरांची गोष्ट लहानपणीच ऐकलेल्या गिऱ्हाइकाला वेगळा खुलासा लागत नव्हता. पुढच्याच वर्षी त्याने स्पेनला नेपोलियनला शिंगांवर उडवणारा बैल केले, तर 1812 मध्ये जॉर्ज क्रुकशँकने खुद्द राजप्रतिनिधी युवराजाला देवमासा बनवले.

हिंदुस्थानचा विषय आला की ही थट्टा पुष्कळदा ओसरे. श्रीरंगपट्टणच्या 1799 मधील विजयाप्रीत्यर्थ पाडलेल्या पदकावर ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला चीत करताना दिसतो; त्या मोहिमेत निजामाची फौजही इंग्रजांच्या बाजूने लढली होती. पण घरचे राजकारण आड आले की हिंदुस्थानचा प्राणीही टवाळीच्या कामी येई. 1783 मध्ये मंत्री चार्ल्स जेम्स फॉक्सने कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या मंडळाकडे सोपवणारे विधेयक आणले, तेव्हा व्यंगचित्रकार जेम्स सेयर्सने त्याला पौर्वात्य बादशहाच्या वेषात, त्याचा सत्तेतील भागीदार लॉर्ड नॉर्थ याचा चेहरा असलेल्या हत्तीवरून कंपनीच्या कचेरीवर मिरवत नेले. विधेयक उमरावांच्या सभागृहात पडले. संसदेतील भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनीच आपले अधिक नुकसान केले, असे फॉक्स म्हणत असल्याचे लॉर्ड एल्डनने सांगितले आहे. फॉक्सचा प्रतिस्पर्धी पिट याने मात्र पुढे सेयर्सला फारसे काम नसलेली एक सरकारी जागा देऊ केली.