आजोळाहून आलेला जिवाणू

आईच्या दुधातला एक खर्च वरवर पाहता वायाच जातो. दुग्धशर्करा आणि स्निग्धांशाखालोखाल त्यात असतात ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरी, आणि नेमक्या त्याच बाळाला पचत नाहीत.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये 1899च्या सुमारास हेन्री तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत दोन फाटे फुटलेला एक जिवाणू सापडला. त्यालाच आज बायफिडोबॅक्टेरियम म्हणतात. तो दुधातल्या याच साखरींवर पोसतो, हे 1950च्या दशकात पॉल ज्यॉर्जी आणि रिशार्ड कून यांच्या कामातून दिसलं. त्याच्या इन्फॅन्टिस या प्रकाराचा जनुकसंच 2008मध्ये उलगडला, तेव्हा या साखरी फोडण्याची अख्खी हत्यारपेटीच त्यात निघाली. थोडक्यात, आई एका पाहुण्याचंही जेवण रांधत होती.

पाहुणा येतो कुठून, यावर मात्र भांडण आहे.

वारेतच जिवाणू नांदतात, असा दावा अमेरिकेत 2014 साली गाजला. केंब्रिजच्या गटाने 537 बाळंतपणांमधल्या वारा तपासून 2019मध्ये त्यातली हवा काढली: सापडलेलं बहुतेक सारं प्रसूतीच्या वेळी मिसळलेलं, नाहीतर प्रयोगशाळेतल्या रसायनांमधून आलेलं होतं. दुसरा पक्ष योनिमार्गाचा. सिझेरियनने झालेल्या 4 बाळांच्या अंगाला आईचा योनिस्राव पुसल्याचा प्रयोग 2016मध्ये प्रसिद्ध झाला आणि कल्पना लोकांना भावली. पण ब्रिटनमधल्या 596 बाळांच्या अभ्यासात योनीतले जिवाणू बाळाच्या पोटात फारसे रुजलेले दिसले नाहीत. सिझेरियनच्या बाळांमध्ये उणीव होती ती आईच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिसची.

म्हणजे उगम आतड्यात. ऐकायला ओंगळ, पण पुरावा तिकडेच झुकतो. हेलसिंकीत तर सिझेरियनच्या 7 बाळांना पहिल्या दुधातून आईच्याच शीचा पातळ अंश दिला गेला. 3 महिन्यांत त्यांचे जिवाणू नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांसारखे दिसू लागले. 17 इच्छुक मातांमधून चाचण्यांनंतर 7 जणीच निवडल्या होत्या. शीतून घातक जंतूही जाऊ शकतात, तेव्हा घरी हा उद्योग कुणी करू नये. शिवाय सिझेरियनच्या बाळांमध्ये दमा किंचित जास्त आढळतो खरा, पण त्याचं खापर जिवाणूंवरच फोडणं घाईचं ठरेल.

या तर्कात एक भोक आहे. इन्फॅन्टिस मोठ्या माणसांच्या आतड्यात क्वचितच सापडतो. मग आई तो देणार कुठून? बहुधा थोरल्या भावंडांकडून, शेजारच्या तान्ह्यांकडून, त्यांचे लंगोट बदलून लगेच नव्या बाळाला उचलणाऱ्या हातांकडून.