आग्रा रोडवरचा डॉज

कुर्ल्याहून घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसं अजून आग्रा रोडच म्हणतात. कुर्ल्यात, याच रस्त्यालगतच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९४७ साली डॉज गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यातल्या ट्रकची कुळी शोधायची तर आपल्याला आधी डेट्रॉइट गाठावं लागतं. जॉन आणि होरेस या डॉज बंधूंनी १९१४ साली स्वतःच्या नावाची मोटार काढली. १९२० साली दोघेही वारले. डॉजच्या यांत्रिक भागांवर ट्रक उभे केले ते ग्रॅहम बंधूंनी, आणि त्यांची नावं आज कुणी घेत नाही. १९२८ मध्ये क्रायस्लरने डॉज विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘फार्गो’ हे आणखी एक नाव बाजारात आणलं. पुढे एकाच घडणीचे ट्रक या दोन्ही नावांनी विकले गेले.

मुंबईत तेव्हा शिवडीला जनरल मोटर्स परदेशातून खोक्यांत आलेले भाग जोडून गाड्या तयार करत होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना नुसती जोडणी नको होती, मोटार इथेच घडवायची होती. अभियंते विश्वेश्वरय्यांनी योजना आखली, मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने पाठबळ दिलं, आणि १९४० साली क्रायस्लरशी करारही झाला. फौजेला ट्रकांची निकड असतानाच्या त्या दिवसांत इंग्रज सरकारने मात्र मोटार कारखान्याला युद्धोपयोगी मानायचं नाकारलं. याला मी निव्वळ दूरदृष्टीचा अभाव म्हणणार नाही; हिंदुस्थान गिऱ्हाईकच राहावा, ही सोय त्यात होतीच. गंमत अशी, की जानेवारी १९४५ मध्ये आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे फौजी ट्रकांचा पहिला ताफा निघाला आणि त्याच वाटेसाठी तिकडे अमेरिकेत डॉजने खास ट्रक घडवला होता.

वालचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियरचा आरंभही अखेर खोक्यांपासूनच झाला. त्या काळी ट्रक बहुधा नुसती चासी म्हणून विकला जाई. बोनेटमागे ना केबिन ना दारं. फळी नाहीतर खोकं टाकून त्यावर ड्रायव्हर बसलेला, धुळीपासून बचाव म्हणून तोंडाभोवती पंचा गुंडाळलेला. अशी उघडी चासी बॉडी बांधणाऱ्याकडे पोहोचली, की सुतार-लोहार लाकडी चौकट, पत्रा आणि हौदा चढवत. अर्धा ट्रक कारखान्याचा, अर्धा त्यांचा.

या ट्रकांचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन दणकट होतं, पण खादाड. पुढे त्यांत पर्किन्सचं डिझेल इंजिन आलं. दरम्यान १९५३ च्या टॅरिफ कमिशनने नुसत्या जोडणीवाल्यांचे दिवस भरवले. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, पण १९५४ मध्येच जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचा डिझेल ट्रक आला आणि मालवाहतूकदार हळूहळू तिकडे वळले. प्रीमियरचं नाव पुढे झालं ते फियाट आणि पद्मिनी या मोटारींमुळे. कुर्ल्याच्या ट्रकाची आठवण आता जुन्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडेच निघते, तीही डॉज की फार्गो या वादासकट.