प्रयोगशाळाप्रमुखाची जबाबदारी
संशोधनशाळेचा प्रमुख उत्तम शास्त्रज्ञ असला म्हणजे पुरतें असें नाहीं. हाताखालीं होणाऱ्या प्रत्येक कामाचा जाब त्याला द्यावा लागतो. पण हा जाब कोठवर?

मुंबईच्या प्लेग-प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांनीं जानेवारी १८९७ मध्यें आपली लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली. १८९९ मध्यें प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली. मागणी वाढली, तेव्हां काम लवकर उरकावें म्हणून लसींत कार्बोलिक ॲसिड घालण्याची रीत सोडण्यांत आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल येथें १०७ जणांना लस टोंचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. चौकशीमंडळानें दोष प्रयोगशाळेवर ठेवला व हाफकिन यांचें पद गेलें. पुढें उघडकीस आलें कीं, गांवांत बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला. रोनाल्ड रॉसप्रभृति शास्त्रज्ञांनीं हाफकिन यांची बाजू जाहीरपणें मांडली. १९०७ मध्यें ते दोषमुक्त ठरले.

प्रमुखानें जबाबदारी घ्यावी हें योग्यच. परंतु चूक कोणत्या हातून घडली हें आधीं पाहणें, हें त्याला नेमणाऱ्यांचें कर्तव्य होय. १९२५ मध्यें संस्थेला हाफकिन यांचें नांव मिळालें. गेलेलीं पांच वर्षें मात्र त्यांना परत मिळालीं नाहींत.